दर्याची राखण आणि आपला समाज
(गाबीत समाज मंडळाच्या पन्हाळा येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने या वर्षीच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल प्रथम आम्ही तिचे आभार मानतो. विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली होती. शिक्षण, वसतिगृह, वधूवर-मेळावा हे नेहमीचे विषय महत्त्वाचे खरेच. त्यांवर इतर वक्ते अधिकाराने बोलतील. आम्ही मात्र आज आपल्या साऱ्यांच्या मूळ अन्नदात्याविषयी, म्हणजे दर्याविषयी, बोलावयाचे ठरविले आहे. आपल्यापैकी निम्मी घरे आता घाटावर नोकरीधंद्यात स्थिरावली आहेत. तथापि मालवण, देवगड, वेंगुर्ले येथे आपले घर, आपले दैवत आणि आपले भाऊबंद अद्याप आहेत, आणि त्यांची चूल दर्याच्या जोरावरच पेटते. तो दर्या आज पूर्वीसारखा देत नाही. त्याची राखण कोणी करावी आणि कशी करावी, हा आमच्या भाषणाचा विषय होय.

पन्हाळ्यासारख्या गडावर उभे राहून समुद्राची गोष्ट काढणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. पण या गडाचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी येथे होती, आणि विजयदुर्गाची मूळ उभारणी परंपरेने त्याच्याच नावावर सांगितली जाते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी महाराणी ताराबाईसाहेबांनी आपल्या राज्याची गादी याच गडावर स्थापिली. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचे बंदर त्या करवीर राज्याकडे होते, ते १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले. म्हणजे शंभर वर्षांच्या आसपास मालवणच्या दर्यावर्दी माणसाचा राजा कोकणात नव्हे, घाटावर होता. आपले पूर्वज आरमारात होते, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या आरमाराचा हुकूम काही काळ या डोंगरांतून सुटत होता, हेही आपण ध्यानात ठेवावे.

या गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र १७१५ चे. त्यात आरमाराचे प्रकरण आहे, आणि त्याच प्रकरणात झाडांविषयी जी आज्ञा आहे ती आम्हांस आजच्या विषयाची गुरुकिल्ली वाटते. जहाजे बांधावयास लाकूड हवे, हे अमात्य मान्य करतात. पण रानातील लाकूडही हुजूरची परवानगी घेऊनच तोडावे असे सांगतात. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती बळजबरीने तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्यास राजी करून, त्याचे मोल देऊन मगच ते घ्यावे, असा त्या आज्ञेचा भाव आहे. आरमारासारख्या राज्याच्या निकडीच्या कामातही ज्याचे झाड त्याची संमती आवश्यक मानली गेली. सज्जनहो, निसर्गाची राखण आणि लोकांची संमती या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, ही समज आपल्या भूमीत तीनशे वर्षांपूर्वी कागदावर उतरली होती.

आता आपल्या स्वतःच्या घरातील एका व्यवस्थेकडे वळू. ती म्हणजे रापण. घाटावर जन्मलेल्या तरुण मंडळींनी ती पाहिली नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर राहते. होडी जाळे सोडीत सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात आणि जाळे हळूहळू वाळूकडे येते. हे एका-दोघांचे काम नव्हे. त्यास पन्नास-पन्नास, कधी त्याहूनही अधिक हात लागतात. जाळे संघाचे, होडी संघाची, आणि मासळीचे वाटे ठरलेले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. ज्या वृद्धाचे हात थकले आहेत, तोही दोराला हात लावून उभा राहिला तर रिकाम्या टोपलीने घरी परतत नाही. कोणत्या संघाने कोणत्या किनाऱ्यावर रापण घालावी, एकाच ठिकाणी दोन संघ असल्यास पाळी कोणाची, हे संघांनी आपसात ठरविलेले असते.

या व्यवस्थेत मर्यादेची शिकवण होती, हे खरे. रापण मासळीच्या मागे धावत नाही. मासळी किनाऱ्याला येईल तेव्हा ती घेते. बांगडा आला तर बांगडा, तारली आली तर तारली, आणि काहीच न आले तर दोर गुंडाळून घरी. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी पाण्यात ढकलावयाची नाही, हा दंडकही असाच. पावसाळ्याचे दिवस हे पुष्कळ जातींच्या मासळीचे विणीचे दिवस होत. नद्यांचे गढूळ पाणी समुद्रास मिळते, खालचे थंड व सकस पाणी वर येते, सूक्ष्म जीवांची वाढ होते आणि पिल्लांना खाद्य मिळते. सागराला नारळ अर्पण करीपर्यंत थांबणारा आपला पूर्वज मासळीची एक पिढी जन्मू देत होता.

परंतु आम्ही येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगू इच्छितो, कारण अशा प्रसंगी पूर्वजांचा गौरव करताना ती झाकली जाते. पूर्वजांचा संयम सर्वस्वी त्यांच्या शहाणपणातून आला नव्हता. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, बर्फ नव्हता, घाट ओलांडून रात्रीत मासळी नेणारी मोटार नव्हती. पावसाळ्यातील समुद्र शिडाच्या होडीला आत घेतच नव्हता. सुताचे जाळे कुजत होते, वल्ही मारणारे हात दमत होते, आणि अधिक पकडले तरी ते विकावयाचे कोठे, हा प्रश्न होता. दर्याची राखण दर्याच करीत होता. आपले नियम त्याच्या बळावर उभे होते. स्वातंत्र्यानंतर यंत्रे आली, नायलॉन आले, बर्फाचे कारखाने आले. त्यांनी आपल्या माणसाचे कष्ट हलके केले आणि पुष्कळांच्या घरांवर कौले घातली, म्हणून आम्ही त्यांना दोष देत नाही. मात्र त्या दिवसापासून दर्याने घातलेली मर्यादा संपली. यापुढे मर्यादा राहिली तर ती माणसांनी आपसात ठरवून पाळलेलीच राहील. आमच्या साऱ्या भाषणाचा सारांश एवढाच आहे.

मर्यादा ठरविली नाही तर काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर रांपणी नावाने हेच ओढजाळे पिढ्यान् पिढ्या चालत होते, आणि तेथील बांगडा व तारली बहुतांशी त्यानेच किनाऱ्याला येत होती. १९७५ च्या सुमारास तेथे पर्ससीन जाळी आली. पर्ससीन म्हणजे समुद्रात थव्याला वेढा घालून खालून दोरीने बटव्यासारखे आवळले जाणारे जाळे. ते थव्याची वाट पाहत नाही. थवा असेल तेथे जाऊन तो सबंध उचलते. थोड्याच वर्षांत कर्नाटकातील रांपणी जवळजवळ नामशेष झाली. गोव्यातील रांपणकारांनी हे पाहिले आणि ते संघटित होऊन रस्त्यावर उतरले. त्या चळवळींतून किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारासाठी राखून ठेवण्याचे कायदे झाले. गोव्याचा कायदा १९८० चा, आपल्या महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. म्हणजे हे कायदे कोणा अधिकाऱ्यास एके दिवशी सुचले नाहीत. वाळूवर दोर ओढणाऱ्या माणसांनी ते मागून घेतले.

पुढे महाराष्ट्रातही पर्ससीन नौकांची संख्या वाढत गेली. शासनाने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने नवे परवाने देणे बंद झाले, नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणावयाचे ठरले आणि या मासेमारीस सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ नेमून दिला गेला. रात्री प्रखर विजेचे दिवे लावून मासळी गोळा करण्याची जी रीत बोकाळली, तिला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये मनाई केली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढविण्यात आले. कागद असे भरले आहेत. तथापि रात्री किनाऱ्यावरून पाहिले असता क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, अशी तक्रार आपले भाऊबंद अद्याप करतात. समुद्राला कुंपण नाही आणि गस्तीच्या नौका थोड्या. ज्यांनी पाळावयाचा त्यांनी तो आपला मानला नाही, तर नियम किनाऱ्यावरच राहतो.

येथे आम्हांस एका नाजूक गोष्टीला हात घालावा लागतो. रापणीचा दोर धरणारा आपला आहे, आणि पर्ससीन नौकेचा मालक वा तीवरचा खलाशी, तोही काही ठिकाणी आपलाच आहे. कर्ज काढून त्याने नौका घेतली, हप्ते डोक्यावर आहेत, मुलांची शिक्षणे आहेत. त्याला दरोडेखोर ठरवून प्रश्न सुटत नाही. दुसरीकडे, ज्याच्या किनाऱ्यासमोरचा थवा रात्रीत उचलला गेला, त्याच्या रापणीच्या पन्नास घरांत त्या दिवशी काय शिजावे, हा प्रश्नही टाळता येत नाही. हा वाद समुद्रात हातघाईवर आला आहे आणि किनाऱ्यावर सोयरिकींत शिरला आहे. एका मांडवात जेवणारी घरे एकमेकांची निमंत्रणे परत पाठवितात, हे आम्ही ऐकले आहे. जातीच्या संस्थेने हा विषय राजकारणाचा म्हणून दूर ठेवावा, असे काहींचे मत आहे. आम्हांस ते पटत नाही. भावाभावांतील तंटा मिटविणे हे जर जातीच्या संस्थेचे काम नसेल, तर नुसत्या सत्कार-समारंभांसाठी तिची गरज काय?

संमतीवाचून केलेली राखण कशी अडखळते, याचेही उदाहरण मालवणचेच आहे. १९८७ च्या एप्रिल महिन्यात शासनाने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यांपैकी गाभ्याचे ३.१८२. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक त्या गाभ्यात येतात. त्या खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांच्या कपारींत मासळीची पिल्ले वाढतात, आणि आज पाण्यात बुडी मारून ते वैभव पाहावयास दूरदूरचे पर्यटक येतात. हेतू उत्तम होता, यात शंका नाही. परंतु त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसास आपल्या पोटावर पाय येणार अशी धास्ती बसली, आणि विरोध सुरू झाला तो वर्षानुवर्षे टिकला. ज्या खडकांची राखण आपल्याच मुलाबाळांच्या हिताची होती, त्यांच्या राखणीचे नावही कडू झाले. अमात्यांच्या आज्ञेतील ती अट, धन्यास राजी करून घेण्याची, येथे राहून गेली होती.

याउलट जेथे माणसांना सोबत घेतले गेले, तेथे काय घडले तेही पाहावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसह सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येऊन एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती अंडी पूर्वी माणसे आणि कोल्हीकुत्री नेत असत. आता गावकरी ती शोधून सुरक्षित कुंपणात पुरतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडतात. पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्या घरांतून उतरू लागले, आणि कासवाच्या पिल्लाबरोबर गावालाही चार पैसे मिळू लागले. हे काम नंतर सिंधुदुर्गातही पसरले. देवगड तालुक्यातील तांबळडेग, वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी येथील माणसे वाळूवर रात्री जागू लागली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या भगिनी होडीतून पाहुण्यांस कांदळवन दाखवितात. खाडीतले जे झाड पूर्वी केवळ सरपण होते, ते उभे राहिले तर अधिक मिळवून देते, हे त्यांनी स्वतःच्या हिशेबाने दाखवून दिले.

जाळ्याच्या बाबतीतही असाच एक प्रयोग सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर झाला. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीस नेहमी शंकरपाळ्याच्या आकाराचे डोळे असतात. नौका ओढू लागली म्हणजे ताणाने ते मिटतात आणि बारीकसारीक सर्व जीव आत अडकतो. त्याऐवजी चाळीस मिलिमीटरचे चौकोनी डोळे विणले तर ते ताणातही उघडे राहतात आणि पिल्ले निसटून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने राज्याच्या कांदळवन कक्षाने राबविलेल्या प्रकल्पात मालवणच्या काही ट्रॉलरमालकांनी अशी जाळी वापरून पाहिली. जी मासळी कुटी म्हणून मातीमोल भावाने खताच्या कारखान्यास जाते, ती पाण्यातच राहिली आणि ओढण्याचा भार हलका झाला, तर नुकसान कोणाचे?

तसेच २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन अथवा व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडले, तर छायाचित्राच्या पुराव्यावर फाटक्या जाळ्याबद्दल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. दंडाच्या भीतीने जे झाले नसते ते या विश्वासाने झाले, आणि अनेक प्राणी जिवंत परत गेले. अमात्यांच्या आज्ञेत झाडाचे मोल देण्याची जी अट होती, तीच ही नव्हे काय?

ही केवळ आमच्या किनाऱ्याची कथा नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींस २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक मालमत्ता लोकांच्या हाती राहिली की ती लुटली जातेच, हा पंडितांचा समज त्यांनी निरनिराळ्या देशांतील दाखल्यांनी खोडून काढला. त्यांतील एक दाखला तुर्कस्तानातील अलान्या या बंदराचा आहे. तेथील मच्छीमार दर सप्टेंबरात मासेमारीच्या जागांची यादी करतात, चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात, आणि मग प्रत्येक होडी रोज एक जागा पुढे सरकते, म्हणजे चांगली जागा आळीपाळीने सर्वांस मिळते. चोरून कोणी दुसऱ्याच्या जागी गेला तर पहारा कोणी करावयाचा? ज्याची पाळी तोच करतो. आपल्या रापणीच्या पाळीशी हे किती मिळतेजुळते आहे! जगातील विद्वानांनी ज्याचा गौरव केला, ते आपल्या वाळूवर अनाम चालत होते.

मात्र एक इशारा येथे दिला पाहिजे. समाजाने राखण करावी असे आम्ही म्हणतो, तेव्हा दर्या एकट्या गाबितांचा आहे असा अर्थ कोणी काढू नये. त्याच पाण्यावर खारवी आहेत, कोळी आहेत, भंडारी आहेत, ख्रिस्ती बांधव आहेत, रत्नागिरीकडे दालदी मुसलमान आहेत. मासळी जातीची ओळख विचारून जाळ्यात येत नाही. जातीच्या संस्थेने प्रथम आपले घर नीट करावे, ते यासाठी की इतरांबरोबर बसताना आपल्याला खाली मान घालावी लागू नये. एकट्याने केलेला नियम शेजारच्या बंदरातील जाळ्याने मोडतो.

आता आपण घाटावरच्या मंडळींनी काय करावे? समुद्र आपल्या दारात नाही, असे म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही. गगनबावडा आणि फोंडा घाटांतून बर्फात घातलेली मासळी कोल्हापूरच्या बाजारात येते, आणि ती आपण घेतो. २०२३ साली राज्याने पापलेट हा राज्यमासा ठरविला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटास ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभराहूनही बरीच कमी; तेवढीही न झालेली पिल्ले बाजारात दिसतात. एक हंगाम थांबले असते तर ज्याचे ताट भरले असते, ते आपण घासभरात संपवितो. मोरीसारख्या मासळीचे तर आणखी कठीण. बांगडा हजारोंनी अंडी घालतो. मोरीला मोजकीच पिल्ले होतात, तीही सावकाश वाढतात. म्हणून बाजारात पिशवी उघडणाऱ्या आमच्या भगिनींच्या हाती या राखणीचे एक टोक आहे. लहान सरंगा नको, असे चार घरांनी चार आठवडे सांगितले, तर विकणारी बाई ते मालवणच्या लिलावापर्यंत पोहोचविते.

दुसरी गोष्ट आगोटीची. आपल्या आज्या पावसाळ्यापूर्वी सुके बांगडे, गोलमा, सुकट भरून ठेवीत, आणि पावसाळ्यात ताज्या मासळीचा हट्ट घरात कोणी धरीत नसे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस पावसाळ्यात ६१ दिवसांची बंदी ठरली. त्या दिवसांत कोल्हापुरात चढ्या भावाने ताजी मासळी मागणारे गिऱ्हाईक असेल, तर किनाऱ्यावर कोणी तरी नौका काढील. आगोट भरणे हे मागासलेपण नव्हे, तो आपल्या स्वयंपाकघराने दर्याला दिलेला शब्द होता.

तिसरी गोष्ट पाण्याची. पन्हाळ्याच्या पायथ्याची कासारी पंचगंगेस मिळते, पंचगंगा कृष्णेस, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्रास. गडावरील सहलीत फेकलेली प्लास्टिकची पिशवी पावसात वाहिली तर तिकडेच निघते. तो समुद्र आपला नव्हे असे म्हणावे, तर ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पंखावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्वेचे आणि पश्चिमेचे पाणी तिने एक केले. या गडावर अंधारबाव आपण पाहिली असेल. वेढ्याच्या वेळी शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर तीन मजली इमारत बांधून पहारा बसविणारे लोक आपणांपेक्षा पाण्याला अधिक ओळखत होते.

अध्यक्षमहाराज, नुसते विचार मांडून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. मंडळाने विचारार्थ घ्याव्यात अशा तीन सूचना आम्ही सभेपुढे ठेवतो.

पहिली, मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी एका मुलास अथवा मुलीस रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिक्षणासाठी साहाय्य द्यावे. आपल्यातील डॉक्टर आणि इंजिनियर पुष्कळ झाले. मासळीचे शास्त्र जाणणारा आपला माणूस आपल्याच धक्क्यावर उभा राहिला, तर त्याचे बोलणे परक्याचे वाटणार नाही.

दुसरी, कासव सोडण्यासाठी ज्याने जाळे कापले, त्याला शासनाची भरपाई येईपर्यंत हात आखडावा लागतो. त्याच्या जाळ्याच्या दुरुस्तीसाठी मंडळाने एक छोटा फिरता निधी उभारावा. भरपाई आली की रक्कम परत यावी. रक्कम लहान असली तरी घाटावरचा भाऊ पाठीशी आहे, हे त्यास कळेल.

तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो. पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी रापण संघांचे तांडेल आणि आपल्यातील पर्ससीन नौकांचे मालक यांना मंडळाने एकत्र बोलवावे. बैठक मालवणात नको, देवगडात नको. तेथे प्रत्येकाच्या मागे त्याची माणसे उभी असतात. ती येथे पन्हाळ्यावर भरवावी. येथे ना कोणाचा धक्का, ना कोणाचा किनारा. मंडळाने पाहुणचार करावा आणि निवाडा मात्र करू नये. किनाऱ्यापासून किती अंतर आत यावयाचे नाही, दिवे लावणाऱ्या नौकेवर आपला माणूस चढणार की नाही, नियम मोडणाऱ्याचे नाव प्रथम समाजापुढे यावे की सरकारपुढे, हे प्रश्न त्यांनी आपसात सोडवावेत. कर्जाखाली दबलेल्या नौकामालकास दुसऱ्या धंद्याकडे वळावयाचे असेल, तर त्याच्या साहाय्याचा विचारही तेथेच व्हावा. कारण ज्याला परतीची वाट ठेवली नाही, त्याच्याकडून शब्द घेण्यात अर्थ नाही. एकाच बैठकीत सारे जुळेल, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या बैठकीत दोन्ही पक्ष एका पंक्तीस जेवले, तरी ती सार्थकी लागली असे आम्ही मानू.

या गडावर धान्याची तीन अवाढव्य कोठारे आहेत, गंगा, यमुना आणि सरस्वती. वेढ्याच्या दिवसांत शिबंदीला त्यांचाच आधार. कोठारातील धान्य संपत आले म्हणून बियाणे दळावयास काढणारा किल्लेदार त्या दिवसापुरता लोकप्रिय झाला असता. पुढच्या वर्षी गड कोणी राखला असता, हे सांगावयास नको. आपल्या दर्याचे बियाणे आज बाजारात टोपलीने विकले जात आहे. ते परत पाण्यात ठेवण्याचा निर्णय सरकार एकटे घेऊ शकत नाही, शास्त्रज्ञ घेऊ शकत नाहीत. तो जाळे टाकणाऱ्याने आणि मासळी घेणाऱ्याने मिळून घ्यावयाचा आहे. त्या दोघांची घरे आपल्याच समाजात आहेत, हे आपले भाग्य होय.

वरील तीन सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो.